ओलांडणारी मुले : निरंक

रस्ता हा मुळात वाहनांचा असतो आणि माणसं त्यावर पाहुणी म्हणून येतात, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी शाळा भरायच्या वेळेला एकदा रस्ता ओलांडून पाहावा. पटेल. (पटल्यावर सांगायला परत यावं, एवढीच विनंती.)

नगरपालिकेच्या रस्ते सुरक्षा कक्षाला हे सत्य फार पूर्वीच पटलेलं होतं. कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. त्याचा दरवाजा थेट जिन्यात उघडत असे, त्यामुळे आतून बाहेर पडणारा माणूस जिना चढून येणाऱ्यावर हमखास आदळे. वर्षाकाठी अशा सरासरी चौदा टकरी होत. दारावर 'सावकाश' अशी पाटी लावावी, असा प्रस्ताव कक्षानेच मांडला होता, आणि तो कक्षाकडेच विचाराधीन होता.

या कक्षात बेरीजराव नोकरीला होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच: रस्त्याच्या कडेला घडीच्या स्टुलावर बसायचं आणि मोजायचं. दोन्ही हातांत अंगठ्याने दाबायची दोन यंत्रं. डाव्या हाताने वाहनं मोजायची, उजव्या हाताने रस्ता ओलांडणारी माणसं. एकोणीस वर्षांत डाव्या अंगठ्याला चांगला घट्टा पडला होता. उजवा अंगठा नोकरीला लागल्या दिवशी होता तसाच मऊसूत होता.

माणूस मात्र सरळ. उगाच एक आकडा दाबणार नाही आणि समोरून गेलेला एक सोडणार नाही. त्यांची बायको इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत परिचारिका होती. ती म्हणायची की आमच्या घरात दोघंही मोजणीलाच आहेत. हे चालते पाय मोजतात आणि मी मोडलेले. मुलगी एकच. आठ वर्षांची, तिसरीत. तिला घरी 'चिमणी' म्हणत. रोज सकाळी बेरीजराव तिला स्कूटरवरून शाळेत सोडत आणि तसेच कामावर जात.

त्याच शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गेली अकरा वर्षं शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग मागत होत्या. दर वर्षी एक अर्ज, आणि दर वर्षी त्याला उत्तर. एकाही अर्जाला उत्तर द्यायचं राहिलं नव्हतं, याचा कक्षाला सार्थ अभिमान होता. पहिल्या वर्षी पांढरा रंग शिल्लक नव्हता. दुसऱ्या वर्षी रंग आला, पण रस्ता खोदलेला होता. तिसऱ्या वर्षी शाळा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते कळवावं, असं विचारण्यात आलं. बाईंनी 'डाव्या' असं कळवलं. तेव्हा चौथ्या वर्षी, डावी म्हणजे कुठून येताना, असा रास्त खुलासा मागवण्यात आला. पुढची चार वर्षं ही बाजू निश्चित करण्यात गेली. नवव्या वर्षी कक्षाने हात सैल सोडला आणि बाल सुरक्षा सप्ताह साजरा करून शाळेला चारशे भित्तिपत्रकं फुकट दिली. त्यांवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'मुलांनो, रस्ता फक्त झेब्रा क्रॉसिंगवरूनच ओलांडा.' मुलं गुणी होती. समोर झेब्रा क्रॉसिंग नसल्याने त्यांनी रस्ता ओलांडणंच सोडून दिलं.

अकराव्या अर्जावर कक्षाच्या मोठ्या साहेबांनी शेरा मारला: मोजणी करून अहवाल सादर करावा. मोठे साहेब भला माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. 'पाहू' या शब्दावर त्यांनी चार बढत्या घेतल्या होत्या. पट्टे आखण्याचा नियम दोन कलमी होता. पहिलं कलम असं की ठरलेल्या ठिकाणी एका तासात किमान शंभर ओलांडण्या झाल्या पाहिजेत. दुसरं कलम कोणी वाचत नसे, कारण पहिल्यातच अर्ज निकाली निघे.

ठरल्या दिवशी बेरीजरावांनी चिमणीला शाळेच्या फाटकात उतरवलं, स्कूटर फिरवून समोरच्या कडेला लावली, स्टूल उघडलं आणि साडेसातला मोजायला सुरुवात केली.

डावा अंगठा उसंत घेईना. गाड्या फाटकापर्यंत येत, मूल उतरे, दार लागे, मागचा भोंगा वाजवी, पुढचा मागे वळून पाही. बेरीजरावांच्या अगदी मागे एक इमारत होती. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलाला गाडीत बसवलं, उजवीकडे चौकापर्यंत नेलं, वळसा घातला आणि गर्दीतून वाट काढत फाटकाशी आणून सोडलं. अठरा मिनिटं लागली. इमारतीच्या दारापासून फाटकापर्यंत सरळ अंतर बत्तीस पावलांचं होतं. (हे बेरीजरावांनी नजरेने मोजलं. पावलांनी मोजायचं धाडस त्यांना झालं नाही.)

उजवं यंत्र आठ वाजून गेले तरी शून्यावर होतं.

सव्वाआठला फाटकात चिमणी दिसली. तिची पाण्याची बाटली स्कूटरच्या हुकाला अडकून राहिली होती. तिने समोर वडिलांना पाहिलं, बाटली पाहिली, हसली आणि रस्त्यावर उतरली. तीन पावलं आली. तेवढ्यात डावीकडून एक व्हॅन भरधाव आली. ब्रेकचा जो आवाज झाला तो बेरीजरावांनी नोकरीत शेकडो वेळा ऐकला होता, पण तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीसाठी होता. व्हॅन चिमणीपासून हातभर अंतरावर थांबली. पीटीच्या बाईंनी धावत येऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं. व्हॅनवाल्याने काच खाली करून पोरीला अक्कल शिकवली आणि तो निघून गेला.

बेरीजराव जागचे हलले नव्हते. हलायचं मनात होतं, पण पाय स्टुलाच्या पायांइतकेच लाकडी झाले होते. उजवा अंगठा यंत्रावर तसाच टेकलेला होता. त्यांनी तो दाबला नाही. नियम स्पष्ट आहे: अपूर्ण ओलांडणी मोजू नये.

साडेआठला त्यांनी तक्ता भरला. वाहने, नऊशे बारा. ओलांडणारी मुले, निरंक. त्यातला 'निरंक' कक्षातल्या टंकलेखकाने तीनदा विचारून घेतला.

त्या दिवशी घरी जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोने कारण विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, व्हॅनच्या रंगासकट. तिने ताटं उचलली. मग चिमणी आत गेल्याचं पाहून म्हणाली, "तिच्या मापाचं प्लास्टर किती लागतं ते मला पाठ आहे. मला ते वापरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. शंभर हवेत तिथे शून्य. कोणी ओलांडतच नाही म्हटल्यावर पट्ट्यांची गरज नाही, आणि अपघातही शून्य, म्हणजे रस्ता आदर्शच म्हणायचा. या रस्त्याची माहिती पुरस्कारासाठी पाठवावी काय, असंही त्यांच्या मनात आलं. बेरीजराव एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारल्याशिवाय बोलले. म्हणाले, "साहेब, पट्टे नाहीत म्हणून ओलांडत नाहीत."

साहेबांनी यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "मग ओलांडू द्या ना. शंभर भरले की मी उद्याच्या उद्या आखून देतो. नाही म्हणतोय का मी?"

एरवी उत्तराचं पत्र शिपायाकडून जाई. या वेळी बेरीजराव स्वतः घेऊन गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत एक पृथ्वीगोल होता, मोडक्या फूटपट्ट्यांचा एक गठ्ठा होता आणि भिंतीला टेकवलेली शिल्लक भित्तिपत्रकं होती. बाईंनी पत्र वाचलं, आधीच्या दहा उत्तरांवर ठेवलं, कडा जुळवल्या आणि म्हणाल्या की पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, बारावा अर्ज कोण करील ते पाहायला हवं.

बेरीजराव खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी खिशातून नियमाची घडी काढली. "बाई, यात 'मुलं' असा शब्दच नाही. 'ओलांडण्या' असा आहे. एकच मूल दहादा गेलं तर दहा धरायच्या. मी काही सुचवत नाहीये. फक्त वाचून दाखवतोय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. मग शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाचा. जरा सावकाश."

फेरमोजणी सोमवारी झाली. बरोबर साडेसातला शाळेचं फाटक उघडलं आणि तिसरी-चौथीची चाळीस मुलं एका लांब दोराला धरून बाहेर आली. दोराला हातहात अंतरावर गाठी होत्या, एका गाठीला एक मूल. पुढे पीटीच्या बाई शिट्टी घेऊन. त्यांच्याही पुढे मोठ्या बाई, नकाशे टांगायच्या काठीला शिक्षकांच्या खोलीतलं लाल टेबलक्लॉथ बांधून. त्या सरळ रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काठी आडवी धरली. अकरा वर्षं ज्यांना कोणी दाद दिली नव्हती त्या बाई, आणि हातात टेबलक्लॉथ. गाड्या थांबल्या. मुलं या कडेला आली, पीटीच्या बाईंनी 'पीछे मुड'च्या तालात शिट्टी मारली, आणि मुलं परत गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

मुलांना एवढी मजा वर्षात आली नव्हती. जाताना ती सतराचा पाढा म्हणत आणि येताना अठराचा, त्यामुळे शाळेने हा तास गणिताला निम्मा आणि पीटीला निम्मा असा दाखवला. चिमणी नवव्या गाठीवर होती. बाबा कामावर आहेत, त्यांच्याशी बोलायचं नाही, असं तिला बजावलेलं होतं. तेरा वेळा ती मान ताठ ठेवून समोरून गेली. चौदाव्या वेळी मात्र हळूच म्हणाली, "बाबा, नीट मोजताय ना?"

"हो," बेरीजराव म्हणाले. (हा संवाद अहवालात नाही.)

एका तासात सव्वीस फेऱ्या झाल्या, म्हणजे एक हजार चाळीस ओलांडण्या. बेरीजरावांचा उजवा अंगठा सुजून लाल झाला. बायकोने त्यावर मलम लावलं. नवऱ्याची दुखापत बघून ती हसत होती, हे त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

मोठे साहेब आकडा पाहून चकित झाले आणि शब्दाला जागून त्यांनी आखणीचा आदेश लिहायला घेतला. पण आदेशात दुसऱ्या कलमाचाही उल्लेख करावा लागतो, म्हणून त्यांनी ते वाचलं. कक्षाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. दुसरं कलम म्हणत होतं की मोजणीच्या वेळी वाहनांचा सरासरी वेग ताशी वीसच्या खाली असल्यास रस्ता मुळातच सुरक्षित समजावा. पट्ट्यांची आवश्यकता नाही. सोमवारी वाहनांचा सरासरी वेग ताशी दीड होता. तोही एक जण उतरून गाडी ढकलत असल्यामुळे.

साहेबांना मनापासून वाईट वाटलं. पण तर्क बिनतोड होता. मुलं ओलांडत नाहीत तेव्हा पट्टे लागत नाहीत, कारण ओलांडणारं कोणी नाही. मुलं ओलांडतात तेव्हाही लागत नाहीत, कारण वाहनं उभी आहेत. रस्ता दोन्ही परिस्थितींत सुरक्षित असल्याचं सिद्ध झाल्यामुळे प्रकरण बंद करावं, असं त्यांनी फाईलवर लिहायला घेतलं.

बेरीजराव टेबलापाशी उभे होते. निघून जावं की थांबावं हे त्यांना कळेना. मग व्हॅनचा तो हातभर अंतरावरचा पुढचा भाग त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि ते म्हणाले की साहेब, नियमाखाली बारीक अक्षरांत एक तळटीप आहे. दोन मोजण्यांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आल्यास मोजणी पुन्हा करावी, आणि आकडा पहिल्या मोजणीशी दहा टक्क्यांच्या आत जुळेपर्यंत रोज करावी.

"मग जुळवा की," साहेब म्हणाले.

"पहिली मोजणी शून्य आहे, साहेब. शून्याचे दहा टक्के शून्यच. एक जरी मूल ओलांडलं तरी आकडा जुळणार नाही. कधीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि बेरीजरावांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, मुलगी केवढी आहे. बेरीजराव म्हणाले, आठ.

"माझी नात सहा वर्षांची आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

तेव्हापासून शाळेसमोर रोज साडेसात ते साडेआठ मोजणी चालू आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर तिला तीन वर्षं होतील. वार्षिक अहवालात ती 'प्रगतिपथावर' या सदरात येते आणि तिथे दुसरं काहीच नसल्याने उठून दिसते. दोन्ही कडांना फलक आहेत: 'मोजणी चालू. थांबा.' सुरुवातीला लोक थांबत नसत. मग फलकावर खाली एक ओळ वाढवण्यात आली, की शासकीय मोजणीत अडथळा आणल्यास तीन महिने कैद. रस्ता ओलांडणाऱ्या मुलांवर भरधाव गाडी घातल्यास समज देण्यात येते, पण मुलांचा आकडा चुकवल्यास तुरुंग आहे, हे कळल्यावर भल्याभल्यांचे पाय ब्रेकवर गेले. एकाही मुलाला खरचटलेलं नाही. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पण काठी आणि टेबलक्लॉथ घेऊन रोज येतात. पट्टे अजून आखलेले नाहीत; आखले तर मोजणी बंद करावी लागेल, म्हणून आता बाईच ते आखू देत नाहीत.

वाहनं तासभर समोर उभीच असतात, तर त्यांचाही काही उपयोग करावा, म्हणून बेरीजरावांनी एक छापील नमुना तयार करून घेतला आणि थांबलेल्या चालकांकडून भरून घ्यायला सुरुवात केली. प्रश्न तीन. पहिला: कुठे चालला आहात? दर शंभरातले एकाहत्तर याच शाळेत मूल सोडायला आलेले निघाले. बारा सोडून परत चाललेले होते. नऊ जण मुलांनी घरी विसरलेल्या वस्तू घेऊन आले होते. पाच शाळेसमोरची गर्दी टाळायला दुसऱ्या रस्त्याने गेले आणि चुकून इथे आले. उरलेले तीन शाळेतले शिक्षक. दुसरा प्रश्न: मुलाला चालत का पाठवत नाही? शंभरच्या शंभर जणांनी लिहिलं की रस्त्यावर वाहनं फार, भीती वाटते. तिसरा प्रश्न: ही गर्दी कोणामुळे होते? याला तीन पर्याय छापले होते: इतर वाहने, इतर पालक, इतर कारणे.

रीत म्हणून पहिला नमुना बेरीजरावांनी स्वतः भरला होता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी झरझर लिहिली. तिसऱ्यापाशी त्यांचं पेन अडलं. तिन्ही पर्याय त्यांनी दोनदा वाचले, कागद उलटून मागची बाजूही पाहिली आणि जागा कोरी सोडली. एक उत्तर कोरं असल्यामुळे तो नमुना नियमानुसार बाद झाला. दुसऱ्या दिवसापासून ते आणि चिमणी शाळेत चालत येऊ लागले. एकोणीसशे पावलं होतात. ती मोजते, ते ऐकतात. महिन्याभरात शाळेसमोरच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे गृहस्थही मुलाचा हात धरून बत्तीस पावलं चालत आले आणि एका मिनिटात घरी परतले. उरलेल्या सतरा मिनिटांचं काय करायचं हे त्यांना काही दिवस समजत नव्हतं. हल्ली ते गच्चीतल्या झाडांना पाणी घालतात.

असे आणखी काही जण निघाले. एकाहत्तराचे चौसष्ट झाले, अठ्ठावन्न झाले. रस्ता मोकळा होत चालल्याची बातमी गावभर पसरली. मग ज्यांनी गर्दीला कंटाळून मुलांना शाळेच्या बसमध्ये घातलं होतं त्यांनी गाड्या बाहेर काढल्या, आणि आकडा पुन्हा एकाहत्तरावर आला. बेरीजरावांनी तो निमूटपणे लिहून घेतला.

आजवर सहा हजारांवर नमुने भरून झाले आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने न अडखळता, बहुतेकांनी खिडकीतून बोट दाखवून दिलं आहे. एव्हाना तुमच्याही डोळ्यांसमोर कोणाची तरी गाडी आली असेल: शेजाऱ्यांची, मेव्हण्याची, नाहीतर फाटकात आडवी लावून निवांत गप्पा मारणाऱ्या त्या कोणाची. सगळ्यांच्याच येते. चुकून स्वतःची आली असल्यास कक्षाला लेखी कळवावं. असं उत्तर अद्याप कोणाकडून न आल्यामुळे त्यासाठी रकाना छापलेला नाही.